केंद्रातून घरी: व्यसनमुक्तीनंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांची सोबत कशी करावी

उपचार केंद्रात दिवस दुसऱ्या कुणीतरी आखलेला असतो. उठायचं कधी, गोळ्या कधी, गटचर्चा कधी, दिवे कधी मालवायचे, सगळं ठरलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी ही चौकट एका दुपारीत निघून जाते. समोर येतात तो जुना फोन, ती जुनी खोली आणि संध्याकाळचे रिकामे तास. या टप्प्यावर एका माणसाबरोबर एक प्रशिक्षित, पगारी माणूस देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. कुठे त्याला सोबर कंपॅनियन म्हणतात, कुठे रिकव्हरी कोच. आपण त्याला सोबती म्हणू, आणि ज्याची सोबत करायची त्याला मित्र. 'रुग्ण' हा शब्द केंद्राच्या दारातच सोडलेला बरा. दोन्ही बाजूंना अर्थातच स्त्रियाही असतात.

हा लेख या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. पुढच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर बेतल्या आहेत: तलफ अंगात आलेली असताना माणसाला नवा, शहाणा निर्णय घेता येत नाही. म्हणून निर्णय शांत डोक्याने आधी घ्यायचे, कागदावर उतरवायचे आणि वेळ आली की तो कागद पुढे करायचा. ज्या सोबत्याला दर संध्याकाळी नवी हुज्जत घालावी लागते, त्याच्याकडून आधीचं काहीतरी राहून गेलेलं असतं.

काम कोणतं, आणि कोणतं नाही

सोबत चार प्रकारची असते. केंद्रापासून घरापर्यंतच्या प्रवासापुरती, चोवीस तास घरात राहून, दिवसातले ठरावीक तास, आणि भेट व फोन यांवर चालणारी. बहुतेक मित्रांना हे चारही प्रकार याच क्रमाने, कमी कमी होत लागतात.

सोबती समुपदेशक नसतो. जुन्या जखमा उकरायचं काम त्याचं नाही. मित्राने आपणहून काही सांगितलं तर ऐकावं आणि 'हे उद्या समुपदेशकांना सांगशील का?' असं विचारावं. तो नर्स नसतो, त्यामुळे डोस बदलत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आणि नार्कोटिक्स अॅनॉनिमस हे व्यसन सोडणाऱ्यांचेच आपसांत मीटिंगा घेणारे मदतगट आहेत; त्यांतल्या स्पॉन्सरसारखाही तो नसतो. स्पॉन्सर पैसे घेत नाही आणि स्वतःच्या अनुभवातून बारा पायऱ्यांची वाट दाखवतो. सोबत्याला पगार असतो, ठरलेलं काम असतं आणि त्याच्यावर देखरेख करणारं कुणीतरी असतं. आणि तो पहारेकरीही नाही. दाराला कुलूप घालणं, मित्राला अंगबळाने अडवणं या गोष्टी कामात बसत नाहीत. सज्ञान माणूस दाराबाहेर पडणार असेल तर सोबती त्याच्याबरोबर चालू शकतो, इतकंच.

अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज ही सरकारी संस्था सांगते, की उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, आणि दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये त्रास पुन्हा उलटण्याचं प्रमाणही त्याच्याच आसपास आहे. नव्या सोबत्याने हा आकडा पहिल्या दिवशीच मनाशी नीट मांडून घ्यावा. घसरण होऊ शकते हे धरूनच तयारी करायची असते.

पहिली पायरी: डिस्चार्जच्या निदान आठवडाभर आधी

मित्राला केंद्रातच भेटा, शक्य तर दोनदा. पहिली भेट ओळखीची, दुसरी करार लिहिण्याची. घराच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा तोंडओळख झाली तर तुम्ही घरच्यांनी नेमलेले हेर ठरता, आणि तो शिक्का पुसायला पुढचे कितीतरी दिवस जातात.

केंद्राकडून मित्राच्या लेखी संमतीने ही माहिती मागून घ्या: कोणता पदार्थ, किती वर्षं, शेवटचं सेवन कोणत्या तारखेला. चालू औषधांची यादी डोससह. टर्कीत, म्हणजे नशा थांबवल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासात, कधी फिट आली होती का, वात (भ्रम, बरळणं) झाला होता का. आधी कधी ओव्हरडोस झाला आहे का. आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न झाला आहे का. कोणत्या औषधांची अॅलर्जी आहे. पुढची तपासणी कधी आणि कुणाकडे. यातले फिट, ओव्हरडोस आणि आत्महत्या हे तीन प्रश्न विचारायला नवखा माणूस कचरतो. नेमके तेच विचारल्याशिवाय काम स्वीकारू नका. उत्तर 'हो' असेल, तर सोबत कशी असावी हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

मग करार. तो वकिली भाषेत नको, दोन पानांत, साध्या वाक्यांत हवा. त्यात हे मुद्दे यायलाच हवेत: सोबतीचे तास आणि एकूण मुदत, पैसे कोण देणार, नशेची चाचणी होणार का व कधी, खोली-बॅग कधी तपासायची आणि कुणासमोर, घसरण झाली तर पहिल्या तासात काय करायचं, आणि कुणाला काय कळवायचं.

शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण सोबती आणि मित्र यांच्यातला विश्वास बहुतेक वेळा इथेच तुटतो. पैसे वडील देतात, म्हणून रोज संध्याकाळी वडिलांचा फोन येतो: 'आज कसा होता?' सोबती सहज सांगून टाकतो, की आज जरा रडला, जुन्या मैत्रिणीबद्दल बोलत होता. रात्री वडील मुलाला तेच विचारतात. त्यानंतर मित्र सोबत्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलत नाही. हे टाळण्यासाठी करारात दोन रकाने आखा. 'वडिलांना सांगायचं' या रकान्यात: औषध घेतलं की नाही, ठरलेल्या भेटींना गेला की नाही, घसरण झाली तर ती, आणि जिवाला धोका असेल तर तो. 'सांगायचं नाही' या रकान्यात: बाकी सगळं. दोघांच्या सह्या घ्या. वडिलांचा फोन आला की पहिल्या रकान्याइतकंच बोला, आणि शक्य असेल तर मित्राच्या देखत बोला.

जिवाला धोका असेल तर गुप्तता राहणार नाही, हेही मित्राला आधीच, तोंडावर सांगितलेलं असावं.

घर आवरणं

मित्र येण्याच्या एक-दोन दिवस आधी घरच्यांनी सामायिक खोल्या आवराव्यात. मित्राची स्वतःची खोली मात्र त्याच्याशिवाय उघडू नये. ती आल्या दिवशी त्याच्याबरोबर, त्याच्या हातांनी आवरायची. तुम्ही उभे राहा, तो काढेल.

कुठे पाहायचं? पलंगाच्या गादीची शिवण, उशीचा अभ्रा, टॉयलेटच्या टाकीचं झाकण, बुटांची टोकं, हिवाळी कपड्यांचे खिसे, पुस्तकांमागची फट, स्पीकर किंवा कॉम्प्युटरचा डबा, गाडीच्या सीटखाली, गच्ची, माळा. आणि एक जागा हमखास राहते: वर्षभर न वापरलेली प्रवासाची बॅग.

पदार्थाइतकीच साधनंही महत्त्वाची असतात. चुरगळलेली फॉईल, लायटर, रोलिंग पेपर, सुई, ठरावीक ग्लास. पदार्थ नसतानाही ही वस्तू नुसती दिसली तरी तलफ जागी होते. ज्या खुर्चीत बसून रोज प्यायलं जायचं तिची जागा बदला, जमल्यास ती घरातूनच हलवा. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या बदलाचा उपयोग होतो, असं आमचं ठाम मत आहे.

छुपी दारूही शोधावी लागते. माउथवॉश, खोकल्याची काही औषधं, आफ्टरशेव्ह, हँड सॅनिटायझर, स्वयंपाकातले इसेन्स या सगळ्यांत अल्कोहोल असू शकतं. लेबल वाचा. घरातल्या इतरांच्या झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली औषधं, तीव्र वेदनाशामकं कुलपाच्या पेटीत जाऊ द्या, आणि किल्ली मित्राकडेही नको, तुमच्याकडेही नको. एखादी गोळी कमी भरली तर संशय तुमच्यावर यायला नको.

बेकायदा पदार्थ सापडला तर तो खिशात घालून बाहेर नेऊ नका. बाळगणं हा तुमच्यावरचाही गुन्हा ठरू शकतो. अशा वेळी काय करायचं हे करार करतानाच तुमच्या संस्थेच्या पर्यवेक्षकाशी आणि गरज पडल्यास वकिलाशी बोलून ठरवून ठेवा.

फोनचं कामही याच दिवशी. पुरवठादारांचे आणि सोबत नशा करणाऱ्यांचे नंबर मित्राने स्वतः काढायचे, चॅट आणि ग्रुपही काढायचे. नंबर पाठ असतील तर नवीन सिम घेणं जास्त उपयोगी. तुम्ही फोन हातात घेऊन चाळू नका.

परतीचा दिवस

आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी निघणं चांगलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचलेल्या मित्राला दोन रिकामे दिवस मिळतात आणि त्याच दिवसांत समुपदेशक व दवाखाने बंद असतात. केंद्रातून थेट घर, मध्ये कुणाची भेट नाही. पाणी, खाणं आणि त्या दिवसाची औषधं सोबत घ्या. थांबायचं कुठे ते आधी ठरवा, म्हणजे 'इथे जरा थांबू या' हे वाक्य ऐनवेळी येणार नाही. पुढच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात असल्याशिवाय केंद्राचं फाटक सोडू नका. ती राहिली तर दोन दिवसांत औषध खंडित होतं. विमानाचा प्रवास असेल तर लाउंज टाळा, शेजारची सीट घ्या.

घरी नातेवाइकांची गर्दी नको. प्रेमापोटी जमलेली वीस माणसं, त्यांचे प्रश्न आणि उपदेश हा पहिल्याच संध्याकाळी पेलायला फार जड कार्यक्रम होतो.

दिवसाची चौकट

पहिल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचा कागद लिहायला बसा. पेन मित्राच्या हातात. उठायची वेळ, औषध, तीन वेळचं खाणं, अर्धा-पाऊण तास चालणं, एक मीटिंग किंवा समुपदेशन, घरातलं एक काम, झोपायची वेळ. एवढं पुरे. नवखे सोबती तासातासाचं वेळापत्रक करतात. ते तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मोडल्याची खंत मित्राला जड जाते.

त्या कागदावर मित्राच्या जुन्या सेवनाची वेळ लाल पेनाने गोल करा. रोज संध्याकाळी सहाला पिणारा असेल, तर साडेपाच ते आठ हा वेळ कधीच मोकळा ठेवायचा नाही. मीटिंग, व्यायाम, घराबाहेरचं काम, काहीही त्या वेळेत बसवा. शरीर ती वेळ विसरायला बरेच आठवडे घेतं.

तलफेमागे पुष्कळदा चार साध्या गोष्टी असतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. मित्र चिडचिडा झाला की मानसशास्त्राकडे वळण्याआधी त्याने शेवटचं कधी खाल्लं ते विचारा.

झोप हा मोठा विषय आहे. दारू सोडल्यावर झोप काही आठवडे, कधी कधी कित्येक महिने विस्कटलेली राहते. स्वप्नात प्यायल्याचं दिसणंही नेहमीचं आहे आणि मित्र घाबरून उठतो. त्याला सांगा, की असं बऱ्याच जणांना होतं आणि त्याचा अर्थ तो घसरला असा नाही. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदासुद्धा नाही.

औषधं: काय पाहायचं

सोबत्याचं काम आठवण देणं, घेताना पाहणं आणि वहीत वेळ टिपणं. त्यापलीकडे नाही. पण औषध कसं काम करतं हे माहीत नसेल, तर काय पाहायचं तेच कळत नाही.

डायसल्फिराम घेणाऱ्याने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब पडू शकतो. ही प्रतिक्रिया गंभीरही होते. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणूनच माउथवॉशचं लेबल वाचायचं. आणि एक गोष्ट कितीही विनवण्या झाल्या तरी करायची नाही: हे औषध मित्राच्या नकळत खाण्यात मिसळणं. घरचे अगतिक होऊन तसं सुचवतात. त्यात जिवाला धोका आहे आणि विश्वासघातही आहे.

दारूच्या आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर दिल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोनची गोळी बहुधा रोज ५० मिलिग्रॅम असते, इंजेक्शन महिन्याला ३८० मिलिग्रॅमचं. ते सुरू करण्याआधी साधारण ७ ते १० दिवस शरीरात अफूजन्य पदार्थ (हेरॉइन, कोडीन वगैरे) नसावा लागतो, नाहीतर तीव्र टर्की येते. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरच्या औषधांवर असलेल्यांना आणखी जास्त दिवस लागू शकतात. हे औषध चालू असताना अपघात झाला तर नेहमीची अफूजन्य वेदनाशामकं चालत नाहीत, म्हणून खिशात तशी नोंद असलेलं कार्ड हवं. दारू सोडलेल्यांना दिलं जाणारं अॅकॅम्प्रोसेट दिवसातून तीन वेळा घ्यायचं असतं. दुपारचा डोस सर्वांत जास्त वेळा चुकतो, फोनवर गजर लावा.

ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी जिभेखाली विरघळवायची असते. गिळली तर परिणाम फार कमी होतो. गोळीआधी पाण्याचा एक घोट घेऊन तोंड ओलं करायचं, गोळी जिभेखाली ठेवायची आणि पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे साधारण ५ ते १० मिनिटं, बोलायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. या वेळात तुम्हीही गप्पा काढू नका. विरघळल्यावर पाण्याने खळखळून ते पाणी गिळायचं, आणि दात मात्र तासाभरानंतर घासायचे. या औषधाने दात किडण्याच्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तशी सूचना दिली आहे. 'हेही व्यसनच की' असं म्हणून घरचे हे औषध बंद करायला लावतात तेव्हा ठामपणे सांगा, की डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते थांबवणं ओव्हरडोसचा धोका वाढवणारं आहे.

तलफ येते तेव्हा

तलफ लाटेसारखी येते: चढते, टोकाला जाते, ओसरते. तिला खतपाणी मिळालं नाही तर बहुतेक वेळा २० ते ३० मिनिटांत ती उतरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी याच निरीक्षणावर तलफेवर स्वार होण्याचं तंत्र शिकवलं: तिच्याशी झगडायचं नाही, तिचा हुकूमही मानायचा नाही, ती शरीरात कुठे जाणवते ते पाहत राहायचं.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. मित्र खोलीत येरझाऱ्या घालतो आहे, गुडघा हलतो आहे, उत्तरं तुटक येताहेत. तुम्ही विचारता, 'दहापैकी किती?' तो म्हणतो, 'आठ.' एवढा आकडा मिळाला की पुढची पायरी आधीच लिहिलेली असते. सातच्या वर असेल तर जागा बदलायची. बूट घाला, घराबाहेर पडा, मात्र ज्या रस्त्याला जुनं दुकान किंवा जुना अड्डा आहे तो सोडून. चालताना दर पाच मिनिटांनी आकडा विचारा. 'कुठे जाणवतंय?' 'घशात. छातीत.' 'बरं, चालत राहू.' बस, इतकंच बोला. पंधराव्या मिनिटाला आकडा सहा झालेला असतो, पंचविसाव्याला चार. हे आकडे वहीत लिहा. पुढच्या वेळी मित्र 'या वेळी नाही उतरणार' म्हणेल, तेव्हा त्याच्याच आकड्यांची मागची पानं त्याला दाखवता येतात.

या वेळी बायकोमुलांची आठवण करून द्यायची नाही. अपराधीपणाने तलफ वाढते. वादही नको. 'एकच पेग घेतला तर काय होतं?' या प्रश्नाला उत्तर देत बसलात तर तुम्ही हरता, कारण त्या क्षणी त्याच्या मेंदूला कारणं शोधण्याचंच काम लागलेलं असतं. 'ते उद्या सकाळी बोलू, आत्ता चालू' म्हणा.

तीन फोन नंबर आधीच ठरलेले असावेत आणि मित्राने ते चांगल्या दिवशी एकदा तरी लावून पाहिलेले असावेत. वाईट दिवशी अनोळखी माणसाला पहिला फोन कुणी करत नाही.

भांडण, अपमान, पगाराचा दिवस, नशेतल्या जुन्या साथीदाराचा मेसेज हे धोके सगळ्यांना ठाऊक असतात. चांगली बातमी हाही धोका आहे, हे मात्र लक्षात येत नाही. नोकरी मिळाल्याचा फोन आला, त्या रात्री सोबत्याने लवकर निघून जाऊ नये.

चाचणी

चाचणी पकडण्यासाठी असते असं मित्राला वाटलं तर तो युक्त्या शोधतो. ती त्याचं म्हणणं खरं ठरवायला असते, असं आधी बोलून घ्या. ताज्या लघवीचा नमुना ४ मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सियस असतो. कपावरची पट्टी ते दाखवते. गांजाचा अंश रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर किंवा जास्त सापडतो, त्यामुळे डिस्चार्जनंतरचा पॉझिटिव्ह निकाल म्हणजे नवं सेवन असं ठरत नाही. हेरॉइन, कोकेन यांचा अंश साधारण २ ते ४ दिवस सापडतो. दारूसाठीची ईटीजी ही लघवीची चाचणी सुमारे तीन दिवसांपर्यंत मागचं दाखवते, पण अल्कोहोलच्या माउथवॉशनेही ती गोंधळू शकते. श्वासाच्या यंत्रावर फुंकण्याआधी १५ मिनिटं तोंडात काही घेतलेलं नसावं. साध्या किटमध्ये फेंटानिल, ट्रामाडोल ही तीव्र वेदनाशामकं, पुष्कळदा क्लोनाझेपामसारखी गुंगीची गोळीही दिसत नाही. निकाल मित्राला मान्य नसेल तर आरोप न करता प्रयोगशाळेची पक्की चाचणी करून घ्या.

घसरण झाली तर

आधी जीव. केंद्रात काही आठवडे राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी रोज पचणारा डोस आता श्वास थांबवू शकतो. म्हणून अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत बाहेर आल्यानंतरचे पहिले दोन ते चार आठवडे सर्वांत धोक्याचे. मित्राला हे घाबरवण्यासाठी नाही, तर स्पष्ट माहिती म्हणून सांगा.

डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हाक मारून, छातीचं हाड बोटांच्या सांध्यांनी चोळूनही जाग नाही, श्वास अगदी संथ किंवा घोरल्यासारखा घरघरता, ओठ-नखं निळसर: हा ओव्हरडोस आहे. झोपू द्या, उतरेल असं म्हणू नका. आपत्कालीन क्रमांकाला फोन. अफूजन्य पदार्थांचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन हाताशी असेल तर लगेच: नाकातला फवारा एका नाकपुडीत पूर्ण दाबायचा. श्वास नसेल तर दर ५ सेकंदांना एक कृत्रिम श्वास. २ ते ३ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस. श्वास चालू झाला की कुशीवर वळवा. नॅलॉक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि पदार्थ त्याहून जास्त टिकू शकतो, म्हणून मित्र उठून 'मी ठीक आहे' म्हणाला तरी अँब्युलन्स परत पाठवायची नाही. दारूवर किंवा झोपेच्या गोळ्यांवर नॅलॉक्सोन चालत नाही. पण नेमकं काय घेतलंय ते कळत नसेल तर द्यावं, त्याने नुकसान होत नाही.

मित्र काही दिवस सलग प्यायला असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. कंप ६ ते २४ तासांत सुरू होतो, फिट साधारण ६ ते ४८ तासांत येऊ शकते, वात होण्याचा धोका ४८ ते ९६ तासांत असतो, आणि दर वेळची टर्की आधीपेक्षा तीव्र होत जाऊ शकते. हे रुग्णालयाचं काम आहे. झोपेच्या गोळ्या एकदम बंद करण्यातही फिटचा धोका आहे.

धोका टळल्यावर उरतो तो एक पेग आणि त्यानंतरचा विचार: 'गेलंच आहे सगळं, आता काय उरलंय.' मार्लाट यांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. एका घसरणीचं पूर्ण पुनरागमन होतं ते पुष्कळदा या विचारामुळे. म्हणून त्या रात्री चर्चा नको. पाणी, झोप, सोबत, आणि करारात ठरलेला निरोप ठरलेल्या माणसाला. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसा आणि उलट्या क्रमाने विचारत जा: हातात ग्लास येण्याआधी कुठे होतास? त्याआधी कुणाशी बोललास? त्याआधी कधी जेवलास? बहुतेक वेळा धागा एक-दोन दिवस मागे जातो: चुकवलेली मीटिंग, न सांगितलेलं भांडण, बंद केलेली गोळी. तिथे नवा निर्णय लिहायचा. आणि त्याच आठवड्यात डॉक्टर व समुपदेशकांची भेट.

घरची माणसं

आठवड्यातून एकदा, अर्धा तास, सगळे एकत्र. अजेंडा दोनच प्रश्नांचा: या आठवड्यात काय बरं चाललं, आणि पुढच्या आठवड्यात काय बदलायचं. जुने हिशेब तिथे नाहीत, ते कौटुंबिक समुपदेशनात. तोंड हुंगणं, खिसे तपासणं हे घरच्यांनी थांबवायचं, कारण चाचणीची व्यवस्था आता करारात आहे. त्यांची स्वतःची दमणूक मोठी असते. दारूच्या व्यसनाने होरपळलेल्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनसारखे गट १९५१ पासून आहेत. त्यांनी स्वतःसाठी जावं, मित्राला सुधारण्यासाठी नाही.

सोबत्याने स्वतःला सांभाळणं

मित्राकडून पैसे उसने घ्यायचे नाहीत, द्यायचेही नाहीत. महागडी भेट नको, प्रेमसंबंध तर नाहीच. त्याच्यासमोर दारू घ्यायची नाही, आणि कामाच्या काळात बाहेरही घेऊ नये, असं आमचं मत आहे. तुम्ही स्वतः व्यसनमुक्त असाल तर तो अनुभव मोठा ठेवा आहे, पण तुमची मीटिंग या कामाच्या तासांत मोजू नका. ती वेगळी, स्वतःसाठी करा.

चोवीस तासांच्या सोबतीला दोन माणसं लागतात, १२-१२ तासांची पाळी करून. एकट्याने आठवडाभर जागलेला सोबती सातव्या दिवशी चिडतो किंवा मित्राच्या सगळ्या म्हणण्याला माना डोलावू लागतो. आठवड्यातून एकदा पर्यवेक्षकाशी तासभर बोलणं ही चैन समजू नका. 'माझ्याशिवाय त्याचं काही खरं नाही' असं वाटू लागलं, तर ते त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगा.

कमी करत जाणं

शेवट पहिल्या दिवशी ठरवा. एक चालणारा आराखडा: पहिले दोन आठवडे चोवीस तास किंवा पूर्ण दिवस. तिसरा-चौथा आठवडा रोज आठ तास, त्यात संध्याकाळ धरून. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला तीन भेटी आणि रोज एक फोन. तिसऱ्या महिन्यात एक भेट, दोन फोन. तारखा करारात असतात, पण पुढच्या टप्प्यावर जाताना मित्राने काही गोष्टी एकट्याने करून पाहिलेल्या हव्यात: एकट्याने पैसे काढून आणणं, जुन्या रस्त्याने जाऊन येणं, एखाद्या समारंभात 'नको' म्हणणं, एक अख्खी संध्याकाळ घरी एकटं राहणं. प्रत्येक गोष्ट आधी तुमच्याबरोबर, मग तुम्ही फोनवर, मग नुसता नंतर मेसेज.

'नको' म्हणण्याचा सराव मोठ्याने करा. तुम्ही आग्रह करणारे व्हा, तो नकार देणारा. पहिल्यांदा तो लांबलचक कारणं देतो, आणि प्रत्येक कारणात आग्रहाला जागा असते. 'औषध चालू आहे' म्हटलं की 'एकाने काय होतंय' येतंच. पाचव्या-सहाव्या वेळेला नकार 'नाही, मी घेत नाही' एवढ्यावर येतो आणि तो लगेच विषय बदलतो. नकार तेवढा छोटा झाला की मित्र समारंभाला जायला तयार असतो.

झोप पुन्हा बिघडली, मीटिंगा चुकायला लागल्या, फोनला उत्तरं उशिरा येऊ लागली, तर टप्पा पुढे ढकला किंवा एक पायरी मागे या. मागे येणं ही शिक्षा नाही, हे सांगूनच या.

शेवटच्या भेटीत वही मित्राच्या ताब्यात द्या: तलफेचे आकडे, धोक्याच्या वेळा, तीन नंबर, घसरण झाली तर पहिल्या तासात काय करायचं ते पान. महिनाभराने एक फोन कराल असं तारीख देऊन सांगा आणि त्या तारखेला तो कराच.